चिठ्ठी नसलेलं टेबल

माणसं घरात बसूनच ऑफिसला जाऊ लागली, त्या काळातली ही गोष्ट. सुनेत्राबाईंच्या खिडकीखाली एक जुनं सागवानी टेबल होतं. एके दिवशी बाई म्हणाल्या, "आता माझं ऑफिस पर्यावरणपूरक करायचं." त्यांनी टेबल ढकलत बाल्कनीत नेलं. रविवारी ते भंगारवाल्याला द्यायचं ठरलं.

त्याच्या जागी थर्माकोल आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बांबूचं टेबल आलं.

"पर्यावरणपूरक म्हणजे काय रे बाबा?" जुन्या टेबलाने बाल्कनीतून विचारलं.

"मलाही नीटसं कळलेलं नाही," नवं टेबल ओशाळून म्हणालं. "पण माझ्यावर तशी चिठ्ठी चिकटवलीय. तुमच्यावर नाही?"

जुन्या टेबलाने स्वतःला निरखून पाहिलं. चहाच्या कपांचे गोल डाग होते. चिठ्ठी नव्हती.

मग खिडकीला हिरव्या पानांच्या नक्षीचा जाड पडदा लागला. खोलीत अंधार झाला, म्हणून दिवसाढवळ्या दिवा लागला.

शनिवारी दुपारी वीज गेली. बाई लॅपटॉप घेऊन बाल्कनीत जुन्या टेबलाशी बसल्या. समोर शेवगा डोलत होता. चार वाजेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. "इथे उजेड किती छान आहे!" त्या म्हणाल्या. टेबलाला वाटलं, सुटलो!

इतक्यात वीज आली. बाई आत गेल्या आणि त्यांनी दुकानात फोन लावला. "अगदी सूर्यासारखा उजेड देणारा दिवा आहे का? पर्यावरणपूरकच हवा हं."

जुन्या टेबलाने गोंधळून वर सूर्याकडे पाहिलं. त्याच्यावरही कुठे चिठ्ठी दिसेना.