आंब्याची खरूज आणि महाराजांची आमटी

"आंब्याला खरूज झाली आहे, महाराज!" राजवैद्य गंभीरशास्त्र्यांनी दुरूनच निदान केलं. जवळ गेले असते तर अंगरखा मळला असता ना!

मानाजी महाराजांच्या लाडक्या आंब्याच्या खोडावर करड्या, झालरीसारख्या पापड्या धरल्या होत्या. यंदा मोहरही फुटला नव्हता. महाराज कोंडाजी माळ्यावर कडाडले, "उद्या संध्याकाळपर्यंत एकूण एक पापडी निघाली पाहिजे! आणि सालीला एक जरी ओरखडा उठला, तर बायकापोरांसह राज्याबाहेर!"

कोंडाजी घरी येऊन रडतच बसला. त्याची बायको चांगुणा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात मसाले कुटायची. ती म्हणाली, "रडा, रडा! आसवांनी भिजून पापड्या सुटतील कदाचित." पण काळजी तिलाही होतीच. तान्हं लेकरू घेऊन जायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराजांनी आमटीचा भुरका मारला आणि ताट सरकवलं. "ही आमटी आहे की भांडी धुतलेलं पाणी?"

लेकराला कडेवर घेऊन चांगुणा पुढे आली. "मसाला मी कुटला, सरकार. कालपर्यंत त्यात खरूज होती. आज काढून टाकली."

"खरूज? माझ्या आमटीत?"

तिनं डबा उघडला. आत त्याच करड्या पापड्या! "दगडफूल आहे, सरकार. आंब्यावर आहे तेच. याच्याशिवाय मसाल्याला वास नाही. पण शास्त्रीबुवा रोग म्हणाले, मग आपल्या पोटात कसा घालू?"

पंगतीला बसलेले शास्त्रीबुवा खाकरले. "माणसाला मानवतं गं. पण झाडाचा रस शोषून घेतं!"

"हो का? किल्ल्याच्या काळ्या कातळावरही हेच उगवतं. तिथं कुणाचा रस पितं? जरा कातळ पिळून थेंबभर काढून दाखवा की, बुवा!"

बुवांनी नुसतीच पगडी सारखी केली.

"मग मोहर का नाही आला?" महाराज गरजले.

"अभय असेल तर सांगते. आपण गेल्या वर्षी हौसेनं बुंध्याला चिकटून दगडी पार बांधलात. मुळांना पाणी मिळत नाही. गळा आपण आवळायचा आणि बोल अंगावरच्या ठिपक्यांना लावायचा!"

 महाराज एकदम खो खो हसत सुटले. "पार उखडा! कोंडाजी कुठंही जाणार नाही. माग चांगुणा, काय हवं?"

"मला काही नको, सरकार. आजची आमटी तेवढी वाया घालवू नका. शास्त्रीबुवांना वाढा, बिनरोगाची आहे!"

महाराजांना हसता हसता ठसका लागला. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून लेकराच्या मुठीत दिलं आणि बुवांच्या वाटीत स्वतः आमटी ओतली. काठोकाठ!