इवलीची तांबडी चांदणी

समुद्राजवळ एक आळी होती. आळीत एक क्रूस होता. क्रुसाजवळ सुरूचं झाड होतं. उंच, उंच, उंच!

उद्या नाताळ. आज दिवेलागणीला झाडावर दिवे लागणार होते. आळीतली सगळी माणसं झाड सजवत होती. कुणी कागदाचा कंदील टांगला. कुणी शिंपल्यांची माळ टांगली. कुणी करवंटीची घंटा टांगली. टण टण!

खालच्या फांद्या भरल्या. मधल्या फांद्या भरल्या. वरच्या फांद्या भरल्या.

शेंडा मात्र रिकामा. शेंडा काडीएवढा बारीक. तिथे शिडी पोचेना. तिथे काठी पोचेना.

मग तिथे कोण पोचणार?

इवली पोचणार!

इवली कोण? इवली शिंपीण. अंगठ्याएवढं पाखरू. पाठ हिरवी, टोपी तांबूस, चोच सुईसारखी. ती पानं शिवते आणि घरटं करते. पण या नाताळला इवलीने चांदणी शिवली होती. तांबड्या चिंधीची. पाच टोकांची. सकाळपासून शिवत होती.

इवलीला लागली तहान. तिने चांदणी क्रुसाच्या कठड्यावर ठेवली. पाणी प्यायला गेली.

तेवढ्यात आली शेळी. कचर कचर कचर! चांदणी गट्टम!

"बें!" शेळी म्हणाली, आणि गेली.

इवली परत आली. कठडा रिकामा. इवलीच्या डोळ्यांत पाणी आलं. एकच थेंब, मोहरीएवढा. मग तिने पंख झटकले.

"पुन्हा शिवीन," इवली म्हणाली. "कापूस आहे. दोरा आहे. फक्त चिंधी हवी."

इवली उडाली. भुर्र भुर्र, टुविट टुविट!

फिलूमावशी मशीनवर बसली होती. खट खट खट, खट खट खट. नाताळचे झगे शिवत होती.

"फिलूमावशी, फिलूमावशी, चिंधी दे.
माझी चांदणी होईना!"

"देते गो बाय," फिलूमावशी म्हणाली. "पण कात्री बघ माझी. पार बोथट! धारवाल्या चाचाला सांग. तो धार लावेल, मग मी चिंधी देईन."

इवली उडाली. भुर्र भुर्र, टुविट टुविट!

रज्जाकचाचा रस्त्यात उभा होता. त्याच्या सायकलवरचं धारेचं चाक उभं होतं. गप्प.

"चाचा, चाचा, धार लाव.
कात्री कापेना,
चिंधी मिळेना,
माझी चांदणी होईना!"

"लावतो बेटी," चाचा म्हणाला. "पण चाक कोरडं पडलंय. कुईं कुईं करतं, फिरत नाही. तेलाच्या घाण्यावर जा. बैलाला सांग. बैल घाणा ओढेल, तेल येईल, मग मी धार लावीन."

इवली उडाली. भुर्र भुर्र, टुविट टुविट!

सूर्य माडाच्या डोक्यावर होता.

बैल घाण्याजवळ बसला होता. पाय पसरून. शेपूट टाकून. एवढा मोठा बैल! इवली त्याच्या शिंगावर बसली.

"बैलोबा, बैलोबा, घाणा ओढ.
चाक फिरेना,
कात्री कापेना,
चिंधी मिळेना,
माझी चांदणी होईना!"

"हम्मा!" बैल म्हणाला. "ओढेन की. पण पोटात काही नाही. हिरवं गवत हवं. गवताला सांग. गवत डुलेल, मी खाईन, मग घाणा ओढेन."

इवली उडाली. भुर्र भुर्र, टुविट टुविट!

गवत बांधावर होतं. मान टाकून पडलं होतं.

"गवता, गवता, हिरवं हो.
बैल उठेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
चिंधी मिळेना,
माझी चांदणी होईना!"

"सळ्... सळ्..." गवत हळूच म्हणालं. "होईन गं. पण घसा सुकलाय. पाणी हवं. इनासबाबाला सांग. तो पाणी सोडेल, मग मी हिरवं होईन."

इवली उडाली. भुर्र भुर्र, टुविट टुविट!

सूर्य माडाच्या कमरेपाशी आला.

इनासबाबाची फुलांची वाडी होती. वाडीत विहीर होती. इनासबाबा फावडं घेऊन उभा होता. केस पांढरे, टोपी लाल.

"बाबा, बाबा, पाणी सोड.
गवत डुलेना,
बैल उठेना,
चाक फिरेना,
कात्री कापेना,
चिंधी मिळेना,
माझी चांदणी होईना!"

इनासबाबा हसला. हा हा हा!

"पाखरू कुठे चांदणी शिवतं होय? काहीतरीच सांगतेस गो! शिवून दाखव बघू. मग पाणी सोडतो."

इवली भुर्रकन उडाली.

ती जास्वंदीच्या झुडपावर बसली. एक पान ओढलं. त्याला दुसरं पान जोडलं. चोचीने भोक पाडलं. टुच! फांदीवरच्या कोळ्याच्या जाळ्यातला धागा घेतला. भोकातून ओढला. सुर्र!

टुच, सुर्र. टुच, सुर्र. एक टाका. दोन टाके. तीन टाके.

इनासबाबाचं हसू थांबलं.

त्याच्या हातून फावडं गळालं. धप्प! त्याला कळलंही नाही. तो चिखलात गुडघे टेकून बसला. डोळे मोठे, मोठे झाले.

चार टाके. पाच टाके. दोन पानांचा एक द्रोण झाला. पाण्याचा थेंबही सांडणार नाही, इतका घट्ट.

"बापरे," इनासबाबा म्हणाला. अगदी हळू. "सत्तर वर्षं मी या वाडीत आहे. आणि हे मी कधी पाहिलंच नाही!"

त्याने डोक्यावरची टोपी काढली. हातात धरली. मग तो धावला. गुडघे दुखत होते, तरी धावला. त्याने पाट उघडला.

खळ खळ खळ खळ! पाणी सुटलं!

पाणी गवताकडे गेलं. गवताने मान वर केली. एक पातं, दहा पाती, शंभर पाती. सळसळ सळसळ! गवत हिरवंगार झालं.

"ये रे बैला, खा," गवत म्हणालं. "मी उद्या पुन्हा उगवेन."

बैलाने गवत खाल्लं. चबर चबर. बैल उठला. एवढा मोठा बैल उठला! घाणा फिरला. कर्र, कर्र, कर्र. तेल आलं. टिप. टिप. टिप. सोन्यासारखं तेल!

इवलीने पानांचा द्रोण खाली धरला. एक थेंब घेतला. एकच. पण तिच्यासाठी तोही जड होता. इवली उडाली. हळू, हळू, हळू. सांडू नको, इवले, सांडू नको!

नाही सांडला.

चाचाने चाकाला तेल लावलं. चाक फिरलं. गर्रर्रर्र! फिलूमावशीने कात्री आणून दिली. चाचाने ती चाकाला टेकवली. ठिणग्या उडाल्या! पिवळ्या, केशरी, पांढऱ्या. रस्त्यातली मुलं थांबली. "आ!" करून बघत राहिली.

कात्री चकचकीत झाली. फिलूमावशीने तांबडं कापड घेतलं. कच्! कात्रीने कापलं.

"घे गो बाय, ही तुझी चिंधी."

चिंधी मिळाली! इवलीला चिंधी मिळाली!

सूर्य माडाच्या पायाशी आला होता.

इवली खिडकीत बसली. टुच, सुर्र. टुच, सुर्र. पहिलं टोक झालं. दुसरं टोक झालं. तिसरं टोक झालं. चौथं टोक झालं. पाचवं टोक झालं! आत सावरीचा कापूस भरला. मऊ, मऊ. शेवटची गाठ मारली.

फिलूमावशीचं मशीन केव्हाच थांबलं होतं. तिच्या ओठांत टाचणी होती. ती काढायचंही तिला सुचलं नाही.

इवलीने चांदणी चोचीत धरली. भुर्र!

कंदिलाच्या वर गेली. माळेच्या वर गेली. घंटेच्या वर गेली. वर, वर, वर! काडीएवढ्या शेंड्यावर बसली. शेंडा वाकला नाही. इतकी इवली हलकी.

तिने चांदणी बांधली.

सूर्य समुद्रात गेला. डुबुक!

आणि दिवे लागले.

खालून उजेड वर चढला. पहिल्या फांदीवर. मग दुसऱ्या फांदीवर. मग तिसऱ्या फांदीवर. शेंड्यावर पोचला. आणि तांबडी चांदणी लखकन चमकली!

आळी गप्प झाली.

मुलं गप्प. आया गप्प. चाचा सायकल धरून उभा होता, तोही गप्प. वारासुद्धा थांबला. लांबून लाटा ऐकू येत होत्या. फस्स... फस्स...

"कुणी शिवली?" एका बाळाने विचारलं.

इनासबाबाने त्याला खांद्यावर घेतलं. वर बोट दाखवलं.

चांदणीच्या शेजारी एक पाखरू होतं. अंगठ्याएवढं. दिवसभर उडून दमलेलं. पिसं फुलवून, डोळे मिटून, चांदणीला टेकून बसलेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी ओरडलं नाही. पाखरू जागं होईल ना!

सगळी आळी कुजबुजली. फिलूमावशी कुजबुजली. रज्जाकचाचा कुजबुजला. इनासबाबा कुजबुजला. खांद्यावरचं बाळही कुजबुजलं:

"सुखाचा नाताळ, इवले!"

इवलीने एक डोळा उघडला.

"टुविट," ती म्हणाली.

आणि पुन्हा झोपली.