राणीची मर्जी असेतोवर

एका राज्यात मुलं डोळे मिटून जन्मत आणि मिटूनच वाढत. त्याचं असं झालं, की जुन्या राजाने महालासाठी देवराई तोडायला काढली. राईतला मांत्रिक कडाडला, "पोरांना बघायला काही ठेवणार नसाल, तर पोरांनी डोळे तरी का उघडावेत?" राजा मेला. शाप राहिला. शाप काय, राजासारखे थोडेच मरतात!

राजाची एकुलती लेक मेघावती गादीवर बसली. तिची तान्ही पोरही डोळे मिटलेली. राणी तडक उरल्यासुरल्या राईत गेली. तिथल्या थोरल्या वडावर धनेश पक्षी बसला होता.

"पक्षिराज, शाप कसा फिटेल?"

"पुढच्यांसाठी कायदा कर. तीनदा परीक्षा होईल."

राणीने दवंडी पिटवली: राईतलं झाड कुणी तोडू नये. दवंडीवाल्याने रिवाजाप्रमाणे शेवट केला, "राणीची मर्जी असेतोवर हो!" तिथली प्रत्येक दवंडी अशीच संपायची. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

पहिल्या वर्षी मामा आला. "मेघे, माझ्या घराला एक तुळई दे." मामाला नाही कसं म्हणायचं? एक झाड पडलं. दुसऱ्या वर्षी सेनापतीने रथासाठी लाकूड मागितलं. दुसरं पडलं.

धनेश खो खो हसला. "बाई, हा कायदा की तुझा पदर? हवा तसा खोचतेस!"

राणीच्या ते जिव्हारी लागलं. तिने दवंडीवाल्याला बोलावलं. "शेवट बदल. म्हण, राणीलाही मोडता येणार नाही. तिच्यामागून येणाऱ्यालाही नाही."

"बाईसाहेब, जिभेला सवय नाही."

"लाव मग!"

तिसऱ्या वर्षी मांत्रिक स्वतः आला. हातात कुऱ्हाड. "थोरल्या वडाचा गाभा जाळ. राख लेकीच्या डोळ्यांना लाव. उघडतील."

"साऱ्या पोरांचे?"

"हिचेच."

राणीने लेकीला पोटाशी धरलं. हात कुऱ्हाडीकडे गेला, तसाच मागे आला. "नाही. कायदा झालाय."

"आई ना तू?"

"आहे, म्हणूनच. हिची पोरं कुठल्या सावलीत बसतील?"

मांत्रिक वाकला, त्याचा धूर झाला आणि धूर वडाच्या ढोलीत शिरला. लेकीने डोळे उघडले. आधी वडाकडे पाहिलं, मग आईकडे. राणीला किंचित राग आला, पण तो तिने गिळला. घरोघरी पोरं डोळे चोळत अंगणात आली.

पुढे राणी गेली, लेक गेली, दवंडी तीच राहिली. कहाणी इथं थांबली. वड वाढतोच आहे.