गाडीची ओटी

तो रुळांकडेचा दगडी हौद बघा. कोरडा ठणठणीत, पण अंगभर कुंकू! फोटो नंतर काढा हो, गाडी यायला पाच मिनिटं आहेत. आधी ऐका.

राणीच्या राज्यात इथून पहिली आगगाडी सुरू झाली तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी आमच्या खडकोलीची मुलगी घाटाखाली दिली की आई तिच्या नावाने पदर डोळ्यांना लावायची. चार दिवसांची पायवाट, त्यात वाघ. माहेरी येणार कशी? तान्हूबाईची ठकू अशीच गेली. नऊ वर्षांत तिचं तोंड दिसलं नव्हतं.

रूळ पडले तशी आवई उठली, म्हणे ही लोखंडी राक्षसीण माणसं गिळते. पंच बसले. गाडीला शिवेल तो वाळीत, असं ठरलं. आणि नेमका मीठवाल्या वंजाऱ्याकडून ठकूचा निरोप आला, 'नागपंचमीला गाडीनं येते.' लेक आली तरी गाव तिला वेशीत घेणार नव्हतं. तान्हूबाई नवस बोलली, "माझी ठकू सुखरूप उतरू दे, गाडीबाई, तुझी खणानारळानं ओटी भरीन."

नागपंचमीला सगळं गाव माळावर लोटलं. चार भाबड्यांनी तर गाडी ओढणाऱ्या जनावरासाठी कडब्याच्या पेंढ्याही आणल्या होत्या! धूर दिसला, जमीन हादरली, आणि कडबा टाकून सगळे जे पळाले म्हणता! एकटी तान्हूबाई जागची हलली नाही, असं सांगतात.

इंजिन या हौदाशी थांबलं. घाट चढून आलं होतं, म्हणून नळ लावून घटाघटा पाणी पिऊ लागलं. तान्हूबाई ओटीचं ताट घेऊन पुढे झाली.

"तान्हू, मागं फिर!" पाटील लांबूनच ओरडले.

"पाटील, आपल्या गावचं पानी पेली ती. तहानेली बाई दारात आली तर तुमी हाकलता व्हय?"

तिने तापल्या लोखंडाला कुंकू लावलं. बोट भाजलं, पण काढलं नाही. पुढच्या आकड्याला खण बांधला. तेवढ्यात मागच्या डब्यातून हाक आली, "आये!" कडेवर पोर घेऊन ठकू उतरली होती. मायलेकी अशा बिलगल्या, की लांब थांबून बघणाऱ्यांनाही रडू फुटलं.

पाटील काही बोलणार, तोच त्यांची बायको गर्दीतून धावत आली. रिकाम्या हातांनीच इंजिनासमोर पदर पसरून म्हणाली, "बाई, माजी सोनू बी घाटाखालीच हाय गं. तिला कवा आनशील?"

पाटलांनी मान खाली घातली. वाळीत टाकायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता गाडी विजेवर पळते, तिला पाणी लागत नाही. तरी आजही नागपंचमीला बायका आधी तांब्याभर पाणी हौदावर ओततात, मग गाडीची ओटी भरतात आणि लांब दिलेल्या लेकीचं नाव घेतात. ड्रायव्हर खिडकीतून वाकून नारळ घेतो.

भोंगा झाला! सरका बाजूला. आज नागपंचमीच आहे, तो तांब्या द्या इकडे. आमची बायको गेल्यापासून आमच्या लेकीचं, शेवंताचं नाव मीच घेतो.