धोंडीचं कोकमतेल

फार मागे, कोकणातल्या एका वहाळाकाठी धोंडी नावाची बेडकी राहायची. पाठ दगडासारखी खडबडीत म्हणून ती मनातून खट्टू असायची. एकदा कोकमाचं झाड तिला म्हणालं, “माझ्या बियांचं तेल लाव. माणसांच्या टाचांच्या भेगासुद्धा त्याने भरतात.”

धोंडीने बिया ठेचून रोज अंगाला तेल चोळलं. पाठ तुळतुळीत झाली, तशी ती उन्हात मिरवायला निघाली. एरवी तिला दगड समजून पुढे जाणाऱ्या बगळ्याला आज ती चमकताना दिसली. त्याने तिला चोचीत धरलं, पण तेलामुळे ती सुळकन निसटून चिखलात पडली.

“आता तरी पटलं ना, तेल वाईट?” शेजारच्या खेकड्याने विचारलं.

“तेल गुणाचंच आहे, खेकडेदादा,” धोंडी धापा टाकत म्हणाली. “बगळ्याला दाखवायला गेले, तिथे चुकलं.”