आईकडचा घास

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक तरुण शिष्य होता. हाताने चपळ, डोक्याने तापट, शाळा अर्धवट सुटलेली. औषधे कुटताना त्याची बडबड अखंड चाले. थोरली बहीण बाळंतपणात गेली आणि ती बडबड थांबली. मूल वाचले. मुलगी होती. त्याने तिचे तोंडही पाहिले नाही.

मुलीला सहावा महिना लागला, तेव्हा बहिणीच्या सासूचा निरोप आला. उद्या उष्टावण आहे, पहिला घास मामानेच भरवायचा असतो, तरी यावे.

"मी नाही जाणार," शिष्य म्हणाला. "तिला बघितलं की अक्काच दिसणार."

जेवणाच्या वेळी वैद्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली, जरा निवू दिली आणि शिष्याच्या दोन्ही तळहातांवर ठेवली. तो तुकडा मोडायला गेला.

"मोडू नकोस. नुसती धर."

"खायला दिलीत की सांभाळायला? पोटात कावळे ओरडतायत, वैद्यबुवा!"

"ओरडू देत. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, अक्का कशानं गेली?"

शिष्य म्हणाला, "प्लॅसेंटा. वार अडकली, सुटलीच नाही. रक्त थांबेना. त्या वारेनंच खाल्लं तिला."

"प्लॅसेंटा हा शब्द मूळचा ग्रीकांचा," वैद्य म्हणाले. "चपट्या पोळीला ते प्लाकूस म्हणत. रोमच्या लोकांनी तो शब्द उचलून त्याचा प्लॅसेंटा केला. पुढे कित्येक शतकांनी शरीर उघडून अभ्यास करणाऱ्या वैद्यांनी वार पाहिली आणि त्यांना पोळीच आठवली. साधारण एवढीच असते ती, थोडी जड. पोटातलं पोर तोंडानं जेवत नाही, लेका. त्याला जे मिळतं ते वारेतून. शेवटी तिनं घात केला, खरं आहे. मी ते गोड करून सांगणार नाही. पण त्याआधी अक्का लेकीला तिथूनच जेवू घालत होती. त्या दिवशी ते जेवण संपलं. तेव्हापासून आईकडचा एकही घास त्या पोरीला मिळालेला नाही."

शिष्याच्या तळहातांवरची भाकरी गार झाली.

"आणि तिनं घास थुंकून टाकला तर?"

"तर तोंड पुसायचं आणि पुन्हा भरवायचं. तूही थुंकायचास म्हणे. अक्का सांगायची."

दुसऱ्या दिवशी त्याने भाचीला मांडीवर घेतले आणि खिरीचा चमचा तिच्या ओठांना लावला. तिने घास गिळला, त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि पुन्हा तोंड उघडले. तिला आई ठाऊकच नव्हती. तिला खीर हवी होती. मामाला मात्र अक्का हवी होती. त्याने वाटीत पुन्हा चमचा बुडवला.