ताप उतरेपर्यंत

एकदा एक वृद्ध डॉक्टर आपल्या तरुण शिष्याला घेऊन खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या बेटावर गेले. समोरच्या किनाऱ्यावर डांग्या खोकल्याने तान्ही मुले दगावू लागली होती, आणि बेटावरची एकही आई आपल्या मुलाला लस टोचू देत नव्हती. शिष्य याआधी हात हलवत परतला होता. "अडाणी आहेत सगळी," असे त्याने वाटेतच गुरूंना ऐकवले. शिक्षण ताजे असले की हा शब्द जिभेवर फार लवकर येतो!

त्या बेटाला होडी भरतीला लागते आणि ओहोटीच्या आत परतते. लसवालेही तसेच यायचे, टोचायचे आणि पळायचे. त्या दिवशी मात्र उतरताक्षणी गुरूंनी नावाड्याला सांगून टाकले की तू जा, आम्ही उद्या येऊ. शिष्याला वाटले, म्हाताऱ्याची मती फिरली.

किनाऱ्यावर चांगुणा नावाची बाई कडेवर लेकरू घेऊन बोंबील वाळत घालत होती. होडी गेली, आता तुम्ही कसे जाणार, असे तिने विचारले. आज राहणार आहोत, गुरू म्हणाले. तिने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले आणि लेकरू पुढे केले. गुरूंनी त्याला लस टोचली.

संध्याकाळी पोर तापले. गुरू औषध देऊन तिच्याच ओटीवर बसून राहिले. उजाडता उजाडता ताप उतरला, पोर दूध प्यायले आणि चांगुणेचा जीव भांड्यात पडला. ती मोकळेपणी रडली, मग हसत शेजारणींना हाका मारू लागली. थोड्याच वेळात ओटीपुढे आयांची ही गर्दी!

शिष्य चकित झाला. मी इतके समजावले तेव्हा कोणी का आले नाही, असे त्याने विचारले.

गुरू म्हणाले, "अरे, लशीने ताप येतो आणि जातो, हे तुला पुस्तकाने सांगितले. यांनी काय पाहिले? पोर तापाने फणफणले, खाडी आटली, आणि टोचणारा पलीकडे निघून गेला. अशा वेळी आईने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?"

शिष्य लस टोचायला बसला. दुपारपर्यंत बेटावरचे शेवटचे मूलही टोचून झाले. भरती आली, होडी लागली. गुरू चढले, शिष्य मात्र पाण्यात गुडघाभर उभाच राहिला.

"तुम्ही निघा, गुरुजी. आज पुष्कळ पोरे तापतील. मी उद्या येतो."

गुरूंनी मान डोलावली, होडीत पाय पसरले आणि पैलतीर येईपर्यंत निर्धास्त झोप काढली.